जेवणाच्या टेबलावरचं गप्पींचं बिऱ्हाड

सून अमेरिकेत मत्स्यपालन शिकते, असं माझ्या सासूबाईंनी साताऱ्यात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मला ते कळलं तेव्हा मी फोनवर दुरुस्ती करायला गेले. "आई, मी मासे पाळते, पण विकायला नाही. त्यांचे नर आणि माद्या एकमेकांपेक्षा इतके वेगळे का दिसतात, याचा अभ्यास करते." त्या म्हणाल्या, "त्यात अभ्यास कसला गं? नर तो नर, मादी ती मादी." तुम्ही इकडे आल्यावर दाखवीन, असं म्हणून मी विषय बदलला.

सासूबाई शाळेत इतिहास शिकवायच्या. निवृत्तीनंतर त्यांनी साताऱ्यातल्या एका वधू-वर सूचक मंडळाचं काम हौसेनं अंगावर घेतलं होतं. रविवारी सकाळी मंडळाच्या खोलीत बसायचं, आलेल्या आईबापांची समजूत घालायची, स्थळं जुळवायची. नर आणि मादी हा विषय माझ्यापेक्षा आपलाच जास्त, अशी त्यांची पक्की खात्री होती.

मी मूळची नागपूरची. नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीमुळे आम्ही न्यू जर्सीत पिस्कॅटवेला आलो. त्याच्या व्हिसावर मला नोकरी करता येत नव्हती, म्हणून घराजवळच्या विद्यापीठात पीएचडीला अर्ज केला आणि माझ्या वाट्याला गप्पी मासे आले. विद्यापीठातल्या एका जुन्या इमारतीत आमची माशांची खोली होती. बाहेर बर्फ पडत असला तरी आत नागपूरचा फेब्रुवारी असायचा. काचेच्या टाक्यांच्या रांगा, पंपांची बुडबुड, आणि पाण्यात नखाएवढे नर. कुणाच्या अंगावर नारिंगी ठिपका, कुणाच्या शेपटीजवळ काळी रेघ, कुणाच्या पोटावर मोरपिशी चमक. दोन नर सारखे म्हणून दिसत नाहीत. माद्या मात्र नरांच्या दुप्पट मोठ्या आणि सगळ्या एकसारख्या, भिजवलेल्या मुगाच्या रंगाच्या.

सासूबाई आल्या त्या माझ्या बाळंतपणासाठी. मला आठवा महिना होता. आल्या त्याच आठवड्यात माझी सोनोग्राफी होती, तर त्याही बरोबर आल्या. तपासणारी बाई मोठी हसतमुख. पोटावर यंत्र फिरवता फिरवता तिनं सहज विचारलं, "मुलगा की मुलगी, ठाऊक आहे का तुम्हाला? हवं तर आत्ता सांगते."

सासूबाईंना तेवढं इंग्रजी कळलं. त्यांनी आधी दाराकडे बघितलं, जणू आता पोलीस येणार. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "अगं, ही उघडउघड विचारतेय!"

"इथे चालतं, आई. पण आम्ही नको म्हटलंय."

"बरं केलंत," त्या म्हणाल्या, आणि खुर्चीत नीट टेकून बसल्या.

घरी येताना गाडीत त्या आपणहून बोलल्या. "आमच्याकडे दवाखान्यात पाटी असते, इथे गर्भलिंग निदान केले जात नाही. ती पाटी का लावायला लागली ते मंडळात बसलं की कळतं. एका मुलीच्या स्थळामागे मुलांची ही रांग. आईबाप मला विचारतात, बाई, मुली गेल्या कुठे? मी काय सांगू त्यांना?"

मी म्हटलं, निसर्ग आपला निम्मे-निम्मे राखायला बघतो. माद्या कमी झाल्या, की ज्यांना मुली होतात त्यांचा वंश जास्त पसरतो, आणि तोल हळूहळू परत येतो.

"हळूहळू म्हणजे?"

"म्हणजे पिढ्यान् पिढ्या."

"तोवर त्या मुलांनी काय करायचं?" त्यांनी विचारलं. नवरा गाडी चालवता चालवता हसायला लागला.

जानेवारी संपत आला होता. एका सकाळी आमच्या प्राध्यापिकाबाईंचा सगळ्यांना मेसेज आला. इमारतीचं हीटिंग बंद पडलं होतं. दुरुस्तीला आठवडा लागेल असं सांगत होते, आणि माशांच्या खोलीतलं पाणी गार व्हायला लागलं होतं. गप्पी उष्ण प्रदेशातले. गारठ्यात त्यांचा टिकाव लागत नाही. ज्याला जमेल त्यानं जमतील तेवढे मासे घरी न्यावेत, असं त्यांनी लिहिलं होतं.

नवऱ्यानं ऑफिसची मीटिंग कॅन्सल केली. पिकनिकला नेतो ते बर्फाचे डबे आणि झाकणाच्या बादल्या घेऊन तो विद्यापीठात पोचला. मला काहीच उचलायची परवानगी नव्हती, म्हणून मी खुर्चीत बसून फक्त कुठली टाकी कुणाची ते सांगत होते. आमच्या वाट्याला माझ्याच प्रयोगातले मासे आले, वेगळ्या टाकीतल्या काही पोटुशा माद्या, आणि रिकाम्या केलेल्या टाक्या. गाडीतला हीटर पूर्ण चालू ठेवून, घामाघूम होत, खड्डे चुकवत आम्ही घरी आलो.

सासूबाईंनी दार उघडलं. बादलीत डोकावून त्या मोठ्यांदा म्हणाल्या, "अय्या, हे तर गप्पी! मलेरियावाले हौदात सोडतात ते!"

"तेच, आई."

"एवढ्यासाठी तू अमेरिकेत आलीस?"

जेवणाचं टेबल टाक्यांनी भरलं. घरातलं तापमान आम्ही इतकं वाढवलं की साताऱ्याहून आल्यापासून सासूबाईंनी पहिल्यांदा स्वेटर काढला. आम्ही ताटं मांडीवर घेऊन सोफ्यावर जेवायला लागलो. दुसऱ्या दिवशी मी उठून बाहेर आले तेव्हा सासूबाई टेबलापाशी खुर्ची ओढून बसल्या होत्या. हातातला चहा निवून गेला होता.

"अगं, हा काय करतोय बघ. ह्याला झटका आलाय की काय?"

एक नर मादीच्या पुढ्यात जाऊन अंगाचा बाक करून थरथरत होता. सगळे पंख ताणलेले, नारिंगी ठिपका नीट तिच्यासमोर येईल असा. मी सांगितलं, की हा नाच आहे. तो तिला दाखवतोय, मी कसा आहे ते बघ.

"आणि ती?"

"ती ठरवणार."

मादीनं त्याच्याकडे बघितलं न बघितलं आणि वळून शेवाळाशी चरायला गेली. तो पळत पुढे जाऊन पुन्हा थरथरला. ती पुन्हा वळली.

"नकार!" सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, की मला वाटलं ह्या मुलाच्या आईला त्या ओळखत असाव्यात.

मग त्या दिवसभर तिथेच. मी प्रयोग समजावून सांगितला. एका टाकीत बहुतेक नर नारिंगी ठिपक्याचे होते आणि एखाददुसरा काळ्या चट्ट्यांचा. शेजारच्या टाकीत उलट, बहुतेक काळे आणि एखाददुसरा नारिंगी. नरांची ही नक्षी बरीचशी बापाकडून मुलाकडे येते. मादीच्या अंगातही रंगांची काही जनुकं असतात, पण तिच्यात ती दिसत नाहीत. ती घेऊन ती गुपचूप हिंडते आणि मुलांना देऊन टाकते.

"म्हणजे नटायचं सगळं पोरांनी," सासूबाई म्हणाल्या. "आमच्याकडे साडी मुलीनं नेसायची, पोह्यांची बशी मुलीनं आणायची, आणि तो आपला सोफ्यावर."

"इथे नटण्यात धोका पण असतो. ओढ्यात मोठे मासे असतील तर रंगीत नर आधी दिसतो, आधी खाल्ला जातो. तिथे पिढ्यान् पिढ्या नर फिके होत जातात. वरच्या बाजूला, धबधब्यापलीकडे मोठे मासे नसतात, तिथे नर भडक."

"आणि मादी भडक का होत नाही?"

"तिला कुणाला दाखवायचंय? नर तिच्याकडे असेही येतातच. भडक होऊन मिळणार काही नाही, जीव मात्र जाईल."

सासूबाईंनी मान डोलावली. पण त्यांना खरा प्रश्न दुपारी पडला. ताकाची वाटी हातात घेऊन त्या टाकीसमोर उभ्या होत्या. "एक सांग. मादीला भडक आवडतो म्हणतेस. मग सगळ्यात भडक जो, त्याचीच पोरं होत राहणार. सगळे नर तसलेच व्हायला हवेत की नाही आत्तापर्यंत? हे इतके नाना तऱ्हेचे राहिले कसे?"

मी खुर्चीतून त्यांच्याकडे बघत राहिले. ज्या प्रश्नासाठी मला पीएचडी करायची होती, तो त्यांनी ताक पिता पिता विचारला होता.

"तेच तर बघतेय मी," मी म्हटलं. "आत्तापर्यंत असं दिसलंय, की जो नर वेगळा दिसतो, त्याच्याकडे मादी आधी जाते. नारिंगी गर्दीत काळा, काळ्या गर्दीत नारिंगी. मग त्या वेगळ्याची पोरं वाढतात. वाढली की तो वेगळा राहत नाही, त्याचा भाव उतरतो, आणि दुसऱ्या कुणाची तरी पाळी येते. असं चालू राहतं, म्हणून कुणीच संपत नाही."

नारिंगी टाकीतल्या एकुलत्या काळ्या चट्ट्याच्या नराकडे सासूबाईंनी बोट दाखवलं. "मग ह्याचं जमणार?"

"बघू या."

त्या दिवसापासून तो त्यांचा उमेदवार झाला. माझा नवरा पलीकडे ऑफिसच्या कॉलवर असायचा आणि मागून आवाज यायचा, "अरे जा की पुढे! त्या जाड्याला बाजूला कर!" नवरा माइक बंद करून ओरडायचा, "आई, प्लीज यार, मीटिंग चालू आहे!" एकदा त्याच्या मॅनेजरनं विचारलं, घरी मॅच चालू आहे का? नवऱ्यानं कॅमेरा टाक्यांकडे वळवला, आणि त्यांची मीटिंग बराच वेळ माशांवरच चालली.

मंडळातल्या मैत्रिणींना सासूबाईंनी व्हिडिओ कॉल लावला. साताऱ्यात संध्याकाळ होती. पडद्यावर मावश्यांची डोकी एकमेकांवर आदळत होती.

"मुलगा करतो काय?" एकीनं विचारलं.

"नाचतो."

"पॅकेज?"

"पॅकेज नाही, पण चट्टे छान आहेत."

तेवढ्यात त्या भडक नारिंगी नरांच्या घोळक्यातून मादी वळली, काळ्या चट्ट्याच्या नराकडे सरकली आणि त्याच्यासमोर थांबली. त्यानं अंगाचा बाक केला. ती पळाली नाही. सासूबाई खुर्चीतून उठल्याच. "पसंती! पसंती आली!" साताऱ्याच्या खोलीत टाळ्या पडल्या. मला हसून हसून पोटाला हात लावायला लागला, आणि आतल्या बाळानं एक सणसणीत लाथ मारली.

त्या संध्याकाळी टेबलाशी बसून शेंगा सोलता सोलता सासूबाईंनी मला आपलं सांगितलं. मी त्यांच्या घरात इतकी वर्षं सून होते, पण हे ऐकलं नव्हतं.

"मी सावळी. आमच्याकडे पाहुणे यायचे, पोहे खायचे, आणि पत्र यायचं की पत्रिका जुळत नाही. पत्रिका कुणी उघडलेली पण नसायची. माझी आई मला डाळीचं पीठ लावून लावून दमली. शेवटी मीच म्हटलं, आता नको. तेवढ्यात ह्यांचं स्थळ आलं."

सासरे मी फोटोतच बघितले होते. आमच्या लग्नाआधीच ते गेले होते.

"हे सायकलवरून आले. वाटेत चेन पडली, ती बसवताना दोन्ही हात वंगणानं काळेकुट्ट, गालावर पण पट्टा. दारात उभे. म्हणाले, आधी जरा साबण द्याल का? बाकीचे सगळे इस्त्रीचे कपडे घालून यायचे, पगार सांगायचे, बदली कुठे होणार ते सांगायचे. मी मोरीपाशी ह्यांच्या हातावर पाणी घालत होते आणि हे स्वतःवरच हसत होते. मी आत जाऊन आईला सांगितलं, ह्यांनी नाही म्हटलं तरी माझं हो आहे." त्यांनी एक शेंग फोडली. "मुलीनं असं आधी म्हणायची पद्धत नव्हती."

"आणि त्यांनी?"

"बाहेर बसून पोहे परत मागत होते." त्या इतक्या हसल्या की शेंगांची टरफलं मांडीवरून खाली सांडली. मीही हसत होते, आणि माझे डोळे भरून आले होते. गरोदरपणात तसंही कशानंही भरून यायचे.

मासे परत जायच्या आदल्या दिवशी सकाळी एका पोटुशा मादीनं पिल्लं घातली. गप्पी अंडी घालत नाहीत, जिवंत पिल्लं देतात. पापणीच्या केसाएवढी, डोळे मोठे, जन्मल्या क्षणी पोहायला लागलेली. मोठे मासे ती खाऊन टाकतात, म्हणून घाईनं वेगळी करायची होती. सासूबाईंनी चहाचं गाळणं आणलं, नवऱ्यानं भांडं धरलं, मी जागेवरून हुकूम सोडले. नवऱ्यानं भांड्यातलं पाणी दोनदा सांडलं. सासूबाईंचा हात मात्र स्थिर. शेवटचं पिल्लू भांड्यात उतरलं तेव्हा तिघांनी एकदम श्वास सोडला.

"मुलगे किती, मुली किती?" सासूबाईंनी विचारलं, आणि मग स्वतःच जीभ चावली.

"आत्ता नाही कळत. जन्मताना सगळी सारखी, करड्या रंगाची. मुलग्यांना रंग यायला दीड-दोन महिने लागतात."

"बरंय की," त्या म्हणाल्या. "तोवर लाड तर सारखे होतात."

मासे न्यायला आमच्या प्राध्यापिका स्वतः व्हॅन घेऊन आल्या. उंच, कमी बोलणाऱ्या बाई. खोलीत आल्या आल्या त्यांनी आधी सगळ्या टाक्यांवरून नजर फिरवली आणि मगच जॅकेट काढलं. सासूबाईंनी त्यांना बळेच बसवून गरम थालीपीठ आणि लोणी वाढलं. दुसरं थालीपीठ त्यांनी आपणहून मागितलं, तेव्हा सासूबाईंना धीर आला. त्यांनी मला सांगितलं, हिला विचार, वेगळा नर निवडून मादीला मिळतं काय?

मी भाषांतर केलं. प्राध्यापिका घास थांबवून विचारात पडल्या. "नक्की ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "एक शक्यता अशी, की ओळखीचा दिसणारा नर जवळचा नातेवाईक असू शकतो. वेगळा दिसणारा बहुधा नात्यातला नसतो, म्हणून पिल्लं निरोगी होतात."

मी मराठीत सांगताच सासूबाईंनी टाळी वाजवली. "सगोत्र नको! अगं, माशांना पण कळतं!"

हे इंग्रजीत सांगायला मला बराच वेळ लागला. गोत्र म्हणजे काय, ते कुणाकडून येतं, लग्नात का बघतात. प्राध्यापिका मन लावून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "दुसरी शक्यता शिकाऱ्यांची. मोठा मासा नेहमी दिसणारी नक्षी ओळखायला शिकतो. वेगळ्याकडे त्याचं लक्ष उशिरा जातं, म्हणून वेगळ्याची मुलं वाचतात. पण तुझ्या सासूबाईंना एवढं सांग, माशांवरून माणसांची लग्नं ठरवू नका. माणसाच्या आवडीनिवडीत घर असतं, समाज असतो, काळ असतो. ते सगळं टाकीत मावत नाही."

सासूबाईंनी ते नीट ऐकलं. "तिला म्हणावं, पटलं," त्या मला म्हणाल्या. "माशांच्या मंडळात आईबाप येत नाहीत. तिथेच निम्मं काम सोपं होतं."

आता प्राध्यापिका हसल्या. इतक्या मोठ्यानं हसताना मी त्यांना कधीच बघितलं नव्हतं. जाताना त्यांनी सासूबाईंचे दोन्ही हात हातात घेतले, आणि व्हॅनमध्ये टाक्यांच्या शेजारी फॉइलमध्ये गुंडाळलेली थालीपीठंही गेली.

घर एकदम मोकळं झालं. आम्ही पुन्हा टेबलावर जेवायला लागलो, आणि तिघांनाही ते जरा सुनं वाटलं.

मार्चच्या सुरुवातीला, एका स्वच्छ उन्हाच्या दुपारी, माझं बाळंतपण झालं. कळा लांबल्या, पण बाळ आलं ते ठणठणीत, मुठी आवळून, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं रडत. नवऱ्यानं माझ्या कपाळावर ओठ टेकवले आणि तोही बाळाच्या जोडीनं रडायला लागला. नर्सनं गुंडाळून बाळ माझ्या छातीवर ठेवलं. सासूबाईंना आत बोलावलं तेव्हा त्यांनी काहीच विचारलं नाही. आधी माझ्या केसांवरून हात फिरवला, पाणी प्यायलीस का म्हणाल्या, मग वाकून बाळाकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या.

नंतर त्यांनी साताऱ्याला फोन लावला. तिथे पहाट होती. पलीकडून पहिला प्रश्न आला, तो मलाही ऐकू आला. "काय झालं?"

"दोघी छान आहेत," सासूबाई म्हणाल्या.

त्या "दोघी"मध्ये सगळं आलं. पलीकडे आरडाओरडा सुरू झाला, कुणीतरी कुणाला तरी उठवलं, आणि सासूबाई फोन कानापासून लांब धरून माझ्याकडे बघून हसत होत्या.

दोन दिवसांनी आम्ही घरी निघालो. रस्त्याच्या कडेचा बर्फ वितळून पाणी वाहत होतं. नवरा इतका सावकाश गाडी चालवत होता की मागचे लोक हॉर्न द्यायला लागले, आणि हॉर्न ऐकून तो आणखी सावकाश चालवायला लागला. मागच्या सीटवर सासूबाई बाळाच्या शेजारी बसल्या होत्या आणि तिला बाहेरचं सगळं मराठीत सांगत होत्या. हा पेट्रोल पंप, हे गुजराती दुकान, इथे मेथी चांगली मिळते, ही तुझ्या बाबांना आवडते ती कॉफी. मुलीनं एवढीशी जांभई दिली. "कंटाळलीस?" सासूबाईंनी विचारलं. "अजून घर यायचंय, बाई. बघायला खूप आहे."